पहिल्या नंबरचं कपाट

सोनवलकर साहेबांनी टॅब नाकाजवळ नेला आणि दोनदा हुंगला.

"ह्याला कसला वास येतोय, मॅडम?"

"पिठाचा, साहेब," मी म्हणाले.

मी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं. मी करत नव्हते. बोराटेवस्तीच्या आमच्या शाळेतले टॅब रोज गिरणीत चार्ज व्हायचे, मग त्यांना पिठाचाच वास येणार, अत्तराचा कुठून येणार? सोनवलकर आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आजूबाजूच्या गावांतल्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. त्या दिवशी ते आमची 'डिजिटल शाळा' तपासायला आले होते. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून पाहिलं. टॅबला घातलेलं गोधडीच्या कापडाचं आवरण त्यांनी मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटांनी बाजूला केलं. एका टॅबच्या कोपऱ्यात काच तडकलेली होती, दुसऱ्यावर हळदीचा पिवळा ठसा होता. तिसऱ्याच्या पाठीवर कुणीतरी खडूने बैल काढला होता.

"निगा शून्य," साहेब म्हणाले.

मुलं टॅबवर काय शिकली, हे त्यांनी विचारलं नाही. मी आपण होऊन सांगायला लागले, तर ते घड्याळाकडे पाहत म्हणाले की तपासणीत तो मुद्दा नाही.

मला राग लवकर येतो, असं माझ्या घरचे म्हणतात. माझं म्हणणं, येतो तो ठीक आहे, तो जात नाही ही खरी अडचण आहे. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्तही झाले. पण ते 'निगा शून्य' आठवलं की आजही माझी भाजी करपते.

हे टॅब एका कंपनीच्या देणगीतून आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांना मिळाले होते. वाटपाचा मोठा कार्यक्रम झाला, फेटे बांधले, फोटो निघाले. आम्हा शिक्षकांना एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं, त्यातला निम्मा वेळ जेवणात गेला. शाळेत दिवसा वीज असते का, हे विचारायचं मात्र सगळ्यांच्या डोक्यातून निसटलं. आमच्या शाळेत भिंतीवर बटणं होती, वायरी होत्या, पंखाही होता. दिवसा वीज तेवढी नसायची.

मग वस्तीनेच मार्ग काढला. शालनच्या पिठाच्या गिरणीला वेगळी लाइन होती, तिथे दिवसरात्र वीज असे. शाळा सुटली की आयांपैकी कुणीतरी दळणाच्या डब्याबरोबर टॅबची पिशवी गिरणीत नेई आणि सकाळी मुलं येता येता ती घेऊन येत. कुणाची पाळी कधी, हे बायकांनी आपसांत ठरवलेलं होतं. आवरणंही त्यांनीच जुन्या गोधड्यांतून शिवली. एखाद्याची चार्जिंगची पिन सैल झाली की बाजाराच्या दिवशी मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेऊन आणत. माझा नियम एकच होता: हात कुणीही लावायचा, आणि बिघडला तर लपवायचं नाही. टॅब मळले, घासले गेले, पण एकही बंद पडला नाही.

आणि त्यातला एक टॅब मोहिनीचा होता. तसा तो शाळेचाच, पण सगळे 'मोहिनीचा' म्हणत.

मोहिनी चौथीत होती. जन्मापासून तिला फार कमी दिसायचं आणि चष्म्यानेही त्यात विशेष फरक पडत नव्हता. जिल्ह्याच्या दवाखान्यात तिच्या आईला, सुलाबाईला, सांगितलं होतं की यापुढे काही होणार नाही. पुस्तक नाकाला लावलं तरी तिला अक्षर लागायचं नाही. तिसरीपर्यंत ती दुसऱ्यांचं ऐकून धडे पाठ म्हणायची आणि वाचता येत असल्याचं सोंग करायची. टॅब आले तेव्हा मी सहज काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं केली आणि ती वाढवत गेले. पडद्यावर एकच शब्द मावेल इतकी मोठी झाली तेव्हा मोहिनी म्हणाली, "थांबा बाई." मग तिने तो शब्द वाचला. 'विहीर'. मग बोटाने पुढे सरकवून दुसरा वाचला. त्या दिवशी मी वर्गाबाहेर जाऊन डोळे पुसून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

चौथीनंतर तिला घरी बसवायचं, असं तिच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. पोरीला वाचता यायला लागलं तसं त्यांनी तो विषय सोडून दिला. त्या टॅबवर तिची शाळा टिकून होती, इतकं ते सरळ होतं.

पुढच्या आठवड्यात वरकुंजच्या शाळेत केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची बैठक झाली. वरकुंज म्हणजे मोठं गाव, शाळेची इमारत दुमजली, मुलांना टाय. तिथे तपासणीचे निकाल सांगितले गेले. पहिला नंबर वरकुंजचा आला. मुख्याध्यापक तावरे सरांच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं, त्यात टॅब ओळीने उभे केलेले. प्रत्येकावर कारखान्यातून आलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा जसाच्या तसा. वर दसऱ्याचा हळदीकुंकवाचा टिळा आणि कपाटाला कुलूप. सोनवलकर साहेबांनी आम्हाला रांगेने त्या कपाटापुढून नेलं. म्हणाले, देणगीची कदर कशी करावी ते इथे शिका.

शेवटचा नंबर आमचा होता. तेही मी गिळलं असतं. पण पुढे साहेब म्हणाले की ज्यांना सांभाळता येत नाही त्यांच्याकडे ठेवून उपयोग नाही, बोराटेवस्तीचे टॅब काढून ते वरकुंजला द्यायचे. काचा बदलून, स्वच्छ करून त्याच कपाटात ठेवायचे. तावरे सर मान खाली घालून बसले होते. बाकीचे शिक्षक माझ्याकडे पाहत नव्हते.

मी उठून मोहिनीचं सांगितलं. अक्षरं कशी मोठी करतो, ती काय वाचते, टॅब गेला तर तिचं काय होईल, सगळं. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, तिच्यासाठी वेगळा प्रस्ताव पाठवा, अपंग विद्यार्थ्यांना साहित्य मिळतं.

"प्रस्ताव मंजूर होईपर्यंत टॅब राहू दे," मी म्हणाले.

"तसं करता येत नाही, मॅडम. नियम सगळ्यांना सारखा."

मी घरी गेले आणि त्या दिवशी ज्याने माझ्याशी बोलण्याचा प्रयत्न केला त्याला ते चांगलंच महागात पडलं.

टॅब नेण्याच्या आधी मात्र एक गंमत झाली. पहिल्या नंबरची शाळा बघायला पुण्याहून शिक्षण खात्याच्या एक मोठ्या मॅडम येणार असं कळलं. मग वरकुंजमध्ये कपाटाचं कुलूप काढलं, टॅब सुरू करायला घेतले आणि एकही सुरू होईना. दीड वर्ष नुसते उभे होते, त्यांच्या बॅटऱ्या मेल्या होत्या. दिवसभर चार्जिंगला लावले तरी पडदे काळेच राहिले.

हे मला सोनवलकर साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं. भेटीच्या आदल्या दिवशी ते जीप घेऊन शाळेत आले. या वेळी त्यांनी काहीच हुंगलं नाही. खुर्ची जवळ ओढून फार गोड बोलायला लागले. तुमचे टॅब उद्या हवेत, आणि ते चालवणारी तीन-चार मुलंही द्या. मग त्यांनी खिशातून वरकुंजच्या शाळेचे टाय काढून माझ्या टेबलावर ठेवले.

"हे कशाला?"

"तेवढा एक तास घालतील. मॅडम गेल्या की काढा. आणि मी शब्द देतो, टॅब तुमच्याकडेच राहतील. तुमच्या त्या मुलीचंही काम होईल."

खोटं सांगत नाही, मी त्या टायकडे बराच वेळ पाहत राहिले. एक तास, आणि मोहिनीची शाळा वाचत होती. पण मला डोळ्यांपुढे दिसत होतं की मोहिनी वाचेल, टाळ्या पडतील, आणि त्या टाळ्या त्या कपाटाला मिळतील. मग पुढच्या वर्षी केंद्रातली प्रत्येक शाळा काचेचं कपाट करून घेईल.

सुलाबाई पिशवी न्यायला आली होती, दारात उभं राहून तिने सगळं ऐकलं होतं. मी तिलाच विचारलं, कारण पोरगी तिची होती.

सुलाबाई म्हणाली, "टाय घातली तर काय तिचा गळा कापत न्हाई. पर त्या बाईनी इचारलं, तुजी शाळा कंची, तर पोरीनं काय सांगायचं? तिला दिसत न्हाई, सायेब. येडी न्हाई ती."

मी टाय साहेबांच्या हातात परत दिले. म्हणाले, टॅब मी स्वतः घेऊन येते, मुलंही आणते, पण आमच्या कपड्यांत आणि आमच्या शाळेच्या नावाने. साहेबांचा चेहरा आंबट झाला. पण दुसरा इलाज नव्हता. टॅब आणा, मुलं मागे बसवा, म्हणाले. आणि त्यांचा शब्दही त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतला: कार्यक्रम झाला की टॅब वरकुंजला जमा.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेंपोतून वरकुंजला गेलो. मुलं होती, आणि सुलाबाई, शालन आणि पाच-सहा आया. दाराशीच आमची पिशवी काढून घेतली. थोड्या वेळाने मी हॉलमध्ये डोकावले तर काय पाहावं? तिथल्या एका शिक्षकाने मेलेल्या टॅबवरचे प्लॅस्टिकचे पापुद्रे अलगद सोडवले होते आणि ते आमच्या टॅबवर चिकटवत होता. हाताने गुळगुळीत करून, फुगे काढून. आमची गोधडीची आवरणं कचऱ्याच्या टोपलीत पडली होती. मी ती उचलून पिशवीत घातली आणि तोंड मिटून मागच्या रांगेत जाऊन बसले. तोंड उघडलं असतं तर कार्यक्रम सुरूच झाला नसता.

पुण्याच्या मॅडम बोलायला साध्या होत्या. हारतुरे झाल्यावर त्या म्हणाल्या की भाषणं नकोत, मुलं काय करतात ते दाखवा. वरकुंजच्या टायवाल्या मुलांच्या हातात आमचे टॅब दिले. त्यांनी याआधी टॅबला हात लावलेला नव्हता, त्यामुळे ती बिचारी ते आरशासारखे धरून बसली. मॅडम एका मुलीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "वाच बघू, बाळा."

तिच्या हातात मोहिनीचा टॅब आला होता. काळ्या पडद्यावर एकच मोठा पांढरा शब्द, त्याचाही शेवट कापलेला. मुलीने इकडे तिकडे पाहिलं.

"मॅडम, हा बिघडलाय," ती म्हणाली.

सोनवलकर साहेब घाईने पुढे आले. "तो बोराटेवस्तीचा आहे, मॅडम. तिथल्या मुलांनी खराब केलाय. दुसरा देतो."

"बोराटेवस्तीचा?" मॅडमनी विचारलं. "मग इथे कसा?"

मी उठले.

"तो बिघडलेला नाही," मी म्हणाले. "ज्या मुलीचा आहे ती इथे बसली आहे. तिला वाचू द्या." आणि मी मोहिनीचा हात धरून तिला पुढे नेलं.

मोहिनीने टॅब हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. प्लॅस्टिकवर खिडकीचा उजेड चमकत होता, तिला काही दिसेना. तिने कोपऱ्यात नख घातलं आणि पापुद्रा ओढला. त्या शांत हॉलमध्ये तो टर्रकन निघाल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पहिल्या रांगेत तावरे सरांनी, एखाद्याचा दागिना तुटावा तसा, हात पुढे केला. मोहिनीने प्लॅस्टिक खाली टाकलं आणि वाचायला लागली. एका मेंढपाळाच्या हरवलेल्या कोकराचा धडा होता. ती शब्द शब्द सरकवत वाचत होती, सावकाश, पण कुठेही अडखळत नव्हती.

हा सगळा काय प्रकार आहे, असं मॅडमनी मला हळूच विचारलं, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. गिरणी, पाळ्या, आवरणं, 'निगा शून्य', पहिला नंबर, टाय. एकही गोष्ट गाळली नाही. मॅडम तावरे सरांकडे वळल्या.

"सर, तुम्ही दीड वर्ष हे बाहेर का नाही काढले?"

मला वाटलं, आता हा माणूस सारवासारव करणार. मी तर त्याच्यावर तुटून पडायच्या तयारीत होते. पण तावरे सर उठून सरळ उभे राहिले.

"मॅडम, टॅब ताब्यात दिले तेव्हा माझी सही घेतली. फुटला, हरवला, तर जबाबदार मुख्याध्यापक. माझ्या आधीच्या सरांच्या पगारातून संगणकाचे पैसे कापलेले मी पाहिले आहेत. न वापरल्याबद्दल मात्र आजवर कुणाला कुणी शब्दाने विचारलं नाही. मी कुलूप लावलं आणि मला पहिला नंबर मिळाला. ह्या बाईंनी मुलांच्या हातात दिले, त्यांचे काढून घेताय. आता मी काय चुकलो ते तुम्ही सांगा."

माझा राग इतके दिवस ह्या माणसावर होता, त्याच्या कपाटावर होता. तो तिथेच त्याच्यावरून उठला आणि साहेब लोकांच्या खुर्च्यांवर जाऊन बसला.

"मॅडम," मी म्हणाले, "मुलांच्या हातात असताना टॅब फुटला तर शिक्षकाला जबाबदार धरणार नाही, एवढं एक वाक्य तुम्ही इथे सगळ्यांसमोर बोला. सगळ्या शाळांची कपाटं उद्या उघडतील."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्या वाईट नव्हत्या, अजूनही मी तसंच म्हणेन. पण त्या म्हणाल्या, "हा धोरणाचा विषय आहे. मी वर बोलते आणि कळवते."

मोहिनी अजून वाचतच होती. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

सुलाबाई मागून पुढे आली. "तुमी वर इचारा," ती मॅडमना म्हणाली. "तवर ह्यो पोरीकडं ऱ्हाईल."

मी वरकुंजच्या मुलांच्या हातातून एकेक टॅब घेतला आणि पिशवीत भरला. प्रत्येकाला त्याचं आवरण घातलं. मुलांना म्हटलं, चला. सोनवलकर साहेब दारात आडवे आले. सरकारी सामान असं उचलून नेता येणार नाही, कारवाई होईल, असं ते दबक्या आवाजात म्हणाले.

"मग मला अडवा," मी म्हणाले. "मोठ्या मॅडम बघतायत. ह्या मुलीच्या हातातून ओढून घ्या आणि कपाटात ठेवा."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम नको म्हणाल्या नाहीत आणि हो पण म्हणाल्या नाहीत. साहेब बाजूला झाले.

मला नोटीस आली, खुलासे लिहावे लागले, एक वेतनवाढ अडकली. मॅडमचं 'कळवते' माझ्या निवृत्तीपर्यंत आलं नाही. वरकुंजच्या शाळेचा पहिला नंबरही तसाच राहिला, कारण प्रमाणपत्र छापून झालं होतं. ते मेलेले टॅब पुढे भंगारात गेले. ह्या सगळ्याचा संताप मी नातवंडांसमोरही लपवत नाही.

त्या दिवशी आम्ही टेंपोतून परत निघालो. आयांना वाटत होतं, आपल्यामुळे बाईंची नोकरी जाते की काय. रस्ता खराब होता, टेंपो उसळत होता. मोहिनीने टॅब दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला होता, चेहरा भेदरलेला. वाचायचं सोडून ती नुसती जपत बसली होती. एवढ्या सगळ्यात आपल्या हातात काहीतरी फुटण्यासारखं आहे, हे तिलाही कळलं होतं.

"बाई, ह्यो आता माझ्याकडून फुटला तर?"

मी तिचे हात सोडवले आणि टॅब तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"फुटला तर फुटू दे," मी म्हणाले. "पण वाचता वाचता फुटू दे."